उचलायला माणसं होती, तरी उतार बांधला

वहिनी रस्त्यावरच्या अपघातात जखमी झाल्या. बाराव्या थोरॅसिक, म्हणजे छातीमागच्या शेवटच्या, मणक्याच्या पातळीवर मज्जारज्जूला इजा झाली. हात आणि पोटाचे स्नायू शाबूत राहिले, कमरेखाली मात्र हालचाल उरली नाही आणि संवेदनाही गेली. आधी शस्त्रक्रिया झाली, मग पुनर्वसन केंद्रात लांबलेला मुक्काम. वय चाळिशीच्या आसपास. घरी नवरा, गुडघ्यांनी बेजार सासूबाई आणि पंधरा वर्षांचा मुलगा. अपघाताआधी त्या घरीच शिवणकाम करायच्या. मी त्यांची ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा स्वतः करता यावीत यासाठी मदत करणारी. वस्तीतली सगळी त्यांना वहिनी म्हणतात, म्हणून इथेही तेच नाव ठेवते.

केंद्रातून घरी सोडण्याचा विचार सुरू झाला तेव्हा घर त्यांच्यासाठी तयार नव्हतं आणि कुटुंबाची सगळी पुंजी उपचारांत गेली होती. वस्तीतली माणसं पुढे आली: एक मिस्त्रीकाका, एक सुतार, एक वायरमन, नळकाम करणारा एक तरुण, आणि हातात कुठलंही हत्यार न धरलेली पण पडेल ते काम करायची तयारी असलेली बरीच मंडळी. एवढा हातभार सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. तरीही तो नेमका कुठे लावायचा हे ठरायला वेळ लागला. ते ठरलं एका प्रश्नावर: दिवसभरातली कोणकोणती कामं वहिनींना कुणालाही हाक न मारता करायची आहेत?

घराची मोजणी

घर दुमजली. वहिनींची झोपायची खोली वरच्या मजल्यावर. खाली दिवाणखाना, स्वयंपाकघर, संडास आणि न्हाणीघर एकत्र, आणि मागच्या बाजूला मुलाची अभ्यासाची लहान खोली. जोतं ४५ सेंटिमीटर उंच, पुढच्या दाराला तीन पायऱ्या.

वहिनींची व्हीलचेअर ६४ सेंटिमीटर रुंद आणि साधारण १०७ सेंटिमीटर लांब. त्या मापाचा पुठ्ठा कापून मुलाच्या हाती दिला आणि तो जमिनीवरून सरकवत घरभर फिरायला सांगितलं. पुठ्ठा जिथे अडेल तिथे त्याने खडूने फुली मारायची. एक गोष्ट त्याला बजावून सांगितली होती: चाकं ढकलणाऱ्या हातांची बोटं आणि कोपरं पुठ्ठ्याच्या बाहेर असतात, त्यामुळे पुठ्ठा जेमतेम बसला तरी ते दार अरुंदच समजायचं. दारातून मोकळी जागा निदान ८० सेंटिमीटर हवी, ९० असेल तर उत्तम. जागेवर पूर्ण वळायला दीड मीटर व्यासाचं मोकळं वर्तुळ लागतं.

फुल्या अपेक्षेपेक्षा जास्त निघाल्या. न्हाणीघराच्या दारात मोकळी जागा ६१ सेंटिमीटर, म्हणजे खुर्ची आत जाणारच नव्हती. मागच्या खोलीचं दार ७६ चं दिसत होतं, पण उघडल्यावर दाराची फळी चौकटीतच राहायची आणि हाती ६९ च उरायचे. बोळातून त्यात वळताना खुर्ची तिरकी होऊन अडायची. दुकानातून आणलेली रिकामी व्हीलचेअर सरळ ढकलून पाहिली असती तर हे कळलं नसतं.

उत्साहाच्या भरात दोन-तीन तरुण स्वतः खुर्चीत बसून फिरून पाहत होते. त्याने जागेचा अंदाज येतो, पण माणसाचा येत नाही. पायांत ताकद असलेला माणूस नकळत पायटेकीवर जोर देतो, कंबर उचलून सरकतो. वहिनींना यातलं काहीच करता येणार नव्हतं. त्यामुळे कुठे हात पोचतो, कुठे तोल जातो याची मापं आम्ही केंद्रात प्रत्यक्ष वहिनींकडूनच घेतली.

“आम्ही आहोत की”

पहिला प्रस्ताव पायऱ्यांवर जाड फळी टाकण्याचा आला. दोन मीटरच्या फळीने ४५ सेंटिमीटर चढायचं म्हणजे घसरगुंडीच. तसा चढ एकटीने चढता येत नाही, आणि उतरताना खुर्ची हातात राहत नाही. मी हे सांगितल्यावर उत्तर आलं, “मग उचलून नेऊ. आम्ही चार जण कायम आहोत की इथे.”

त्या बोलण्यात खरं प्रेम होतं, आणि म्हणूनच त्याला नाही म्हणणं अवघड होतं. नवऱ्यालाही ते पटलं होतं. मग फोनवर व्हिडिओ लावून वहिनींनाच बैठकीत घेतलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “भाऊजी, रात्री अकरा वाजता मला अंगणात जाऊन बसावंसं वाटलं, तर कोणाचं दार वाजवू?”

त्यानंतर फळीचा विषय निघाला नाही.

खुर्चीसकट माणूस उचलण्यात शरीरालाही धोका असतो. उचलणाऱ्याची कंबर जाते, कुणा एकाचा पाय घसरला की सगळेच कोसळतात, आणि ज्याला पायांची जाणीव नाही त्याचा पाय पायटेकीवरून सुटून पायरीवर आपटला तरी त्याला कळत नाही. पण माझ्या मते वहिनींचा प्रश्न याहून मोठा होता. अंगणात जायला रोज विनंती करावी लागली तर माणूस हळूहळू विनंती करणंच सोडून देतो. घरी परतून वर्षानुवर्षं उंबऱ्याबाहेर न पडलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या आसपास मदतीला माणसं नव्हती असं मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या आयसीएफ या, माणसाचं आरोग्य आणि अपंगत्व मांडणाऱ्या, वर्गीकरणात भोवतालची परिस्थिती हा अपंगत्व घडवणारा एक घटक मानला आहे. वहिनींच्या बाबतीत त्या परिस्थितीतल्या पहिल्या तीन गोष्टी म्हणजे पुढच्या पायऱ्या.

पुढचं दार

स्वतः खुर्ची चालवणाऱ्यासाठी रॅम्पचा सर्वमान्य ढाळ एकास बारा. म्हणजे ४५ सेंटिमीटर चढायला ५.४ मीटर लांबी. वर दारासमोर दीड मीटर सपाट जागा हवीच. ती नसेल तर एका हाताने दार उघडताना खुर्ची मागे घरंगळते. खालीही तेवढीच सपाट जागा लागते. भिंतीपासून फाटकापर्यंत अंगण सहा मीटर. सरळ रॅम्प बसत नव्हता.

बाजूच्या दाराकडे जमीन उंच होती, तिथे जोतं फक्त २० सेंटिमीटर. २.४ मीटरमध्ये काम झालं असतं, खर्चही निम्म्याहून कमी. मिस्त्रीकाकांनी तेच सुचवलं आणि तांत्रिकदृष्ट्या ते चोख होतं. पण ते दार धुण्याभांड्याच्या जागेतून, टाकीशेजारून आत येतं. वहिनी म्हणाल्या, “काका, या घरात मी पुढच्या दाराने आले. आताही तिथूनच येईन.”

काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी अंगणात दोरी लावली आणि काटकोनात वळणारा रॅम्प आखला: दारासमोरचा ओटा रुंद करून तिथून भिंतीला समांतर २.७ मीटर, मग दीड मीटरचा चौरस विसावा, आणि तिथून फाटकाच्या दिशेने आणखी २.७ मीटर. खाली मोकळी जागाही पुरेशी उरली. उताराच्या दोन्ही बाजूंना कठडा, आणि पुढचं चाक कडेवरून घसरू नये म्हणून दहा सेंटिमीटर उंचीचा बांध. काँक्रीट ओलं असताना त्यावर खराट्याने आडव्या रेघा ओढल्या, पावसात चाक धरून राहावं म्हणून. कठड्याचा सर्वांत आधी फायदा झाला तो सासूबाईंना. वहिनी परतायच्या आधीच त्यांनी पायऱ्या सोडून दिल्या होत्या.

वेळेचा हिशेबही महत्त्वाचा. काँक्रीटवर निदान सात दिवस पाणी मारावं लागतं आणि पूर्ण ताकद यायला साधारण चार आठवडे जातात. म्हणून रॅम्प आणि न्हाणीघराची फोडाफोडी ही ओली कामं सर्वांत आधी, सुतारकाम नंतर, रंग शेवटी. मदतीला आलेल्यांना रंगाची घाई होती, कारण ब्रश कुणालाही धरता येतो. त्यांना तोवर सामान हलवणं, राडारोडा उचलणं आणि काँक्रीटला पाणी मारणं ही कामं दिली. पाणी मारायची पाळी एकाही दिवशी चुकली नाही.

बाजूच्या दारालाही पुढे उरलेल्या मालातून छोटा उतार झाला. आग लागली आणि पुढची वाट बंद झाली तर बाहेर पडायला दुसरा रस्ता असावा, हे वहिनींनाही मान्य होतं.

न्हाणीघर

रॅम्प येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतो, त्याचे फोटो निघतात. परतलेलं माणूस स्वतःच्या पायावर उभं राहतं की नाही, हे मात्र बहुतेक वेळा न्हाणीघरात ठरतं. इथे चर्चेला बसलेले सगळे पुरुष, आणि बोलणं चाललं होतं एका बाईच्या आंघोळीचं. शेजारच्या काकूंनी मध्ये पडून सांगितलं की इथलं काय ते मी तिच्याशी बोलते.

काकू, केंद्रातल्या परिचारिका, मी आणि वहिनी अशा आम्ही बसलो. मज्जारज्जूच्या इजेत लघवीवरचा ताबा बहुधा जातो. वहिनींना दर चार ते सहा तासांनी स्वतः कॅथेटर (लघवी काढायची बारीक नळी) घालून मूत्राशय रिकामं करावं लागतं. त्यासाठी हात धुवायला जवळ नळ, सामान ठेवायला कोरडा कप्पा, खालच्या बाजूला पडणारा प्रकाश आणि योग्य कोनात आरसा लागतो. हे कारण कुणाकुणाला सांगायचं ते वहिनींनी ठरवायचं होतं. त्यांनी ठरवलं की नवरा सोडून कुणालाच नाही. मग वायरमन आणि सुताराला दिलेल्या कागदावर फक्त मापं लिहिली: इथे कप्पा, जमिनीपासून एवढ्या उंचीवर, इथे दिवा, इथे बटण. दोघांनीही कशासाठी म्हणून विचारलं नाही, आणि काम मापाला अगदी बरहुकूम केलं. स्वयंसेवकांबरोबर काम करताना ही पद्धत मी आता सगळीकडे वापरते.

दार रुंद करायला भिंत फोडायची होती. मिस्त्रीकाकांनी आधी वरचा लिंटेल, म्हणजे दारावरची आडवी तुळई, आणि स्लॅबचा भार कुठून उतरतो ते तपासलं. भिंत नुसती आडोशाची निघाली, तेव्हाच हातोडा उचलला. मोकळी जागा ८५ सेंटिमीटर झाली आणि दार बाहेर उघडणारं केलं. आत उघडणाऱ्या दाराआड कुणी पडलं तर अंगच आडवं येतं आणि बाहेरच्याला दार ढकलता येत नाही.

आतली फरशी बाहेरच्यापेक्षा पाच सेंटिमीटर खाली होती. ती भरून आणली, उंबरा काढला आणि पाणी बाहेर येऊ नये म्हणून दाराच्या आत आडवी जाळीची पन्हळ घातली. चकचकीत टाइल काढून खरखरीत लावल्या. कमोड ४० सेंटिमीटर उंच होतं. त्यावर उंच सीट बसवून ते खुर्चीच्या गादीच्या पातळीला, ४८ वर आणलं.

आधारदांड्यांपाशी काम अडलं. भिंत पोकळ ब्लॉकची. साधा प्लास्टिकचा गिट्टा ठोकून स्क्रू पिळला तर तो गिलाव्यात घट्ट वाटतो, आणि अंगाचा भार पडला की ढलप्यासकट बाहेर येतो. शेवटी भिंतीच्या पलीकडच्या बाजूला लोखंडी पट्टी लावून आरपार बोल्ट घेतले. दांडा ३५ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे मुठीत नीट मावणारा, आणि भिंतीपासून ३८ मिलिमीटर सुटा. अंतर याहून जास्त असेल तर हात दांड्यामागे घसरून अडकतो. अमेरिकी मानकानुसार असा दांडा साधारण ११३ किलोचा भार पेलायला हवा. वस्तीतल्या सर्वांत धिप्पाड दोघांनी आळीपाळीने दांड्याला लटकून झटके दिले, तेव्हाच काकूंनी काम झालं असं सांगितलं.

गरम पाण्याबद्दल मी सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं, कारण यात गुपित काही नव्हतं आणि धोका मोठा होता. ६० अंश सेल्सिअसच्या पाण्याने काही सेकंदांत खोलवर भाजतं. ज्या कातडीला कळत नाही ती मागे सरत नाही. गीझरचं तापमान ४९ अंशांच्या खाली बांधून घेतलं, बेसिनखालच्या गरम नळीला वेष्टन घातलं. पाणी पायाने कधी बघायचं नाही, हाताने बघायचं, हे मुलाने मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावलं. न्हाणीघरात घंटेची दोरी थेट जमिनीजवळ येईल इतकी लांब ठेवली. पडलेल्या माणसाचा हात भिंतीवरच्या बटणापर्यंत पोचत नाही.

खोली, पलंग आणि एक सुती फडकं

वहिनींची खोली कुठे असावी यावर सगळ्यांचं एकमत आधीच झालं होतं: दिवाणखान्यात पलंग टाकायचा. जागा मोठी, दार जवळ, सगळ्यांची नजर. वहिनींना ती नजरच नको होती. कपडे बदलणं, पडल्या पडल्या कूस पालटणं, रडावंसं वाटलं तर रडणं, यासाठी बंद होणारं दार त्यांना हवं होतं. मग मागची खोली ठरली.

ती खोली मुलाची, आणि त्याला कुणी विचारलंच नव्हतं. विचारल्यावर “चालेल” म्हणाला. पंधरा वर्षांचा मुलगा दुसरं काय म्हणणार? त्याचं टेबल वरच्या मजल्यावर खिडकीपाशी लावून दिलं. आईच्या खोलीतली बटणं आणि प्लग किती उंचीवर हवेत हे वायरमनबरोबर ठरवायचं काम त्यालाच दिलं, आणि त्याने ते मनापासून केलं. खोलीचं दार काढून बाहेरून सरकणारं दार बसवलं. त्यामुळे फळीने खाल्लेली जागा परत मिळाली, आणि शेजारची चौकट थोडी तासून मोकळं अंतर ८० सेंटिमीटर झालं.

संवेदना नसलेल्या कातडीवर दाब आणि घर्षण दोन्ही वाईट. दुसऱ्या महायुद्धापर्यंत मज्जारज्जूची इजा झालेले बहुतेक लोक दाबाच्या जखमा आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने दगावत. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात डॉक्टर लुडविग गुटमन यांनी दर दोन तासांनी रुग्णाची कूस पालटण्याची शिस्त लावली आणि चित्र पालटू लागलं. ती शिस्त घरात आणायची तर पलंगाच्या दोन्ही बाजूंना हात घालायला जागा लागते. म्हणून पलंग भिंतीला चिकटवून ठेवण्याची सवय मोडावी लागली.

घर्षणावर सुताराने स्वतःचा उपाय काढला. टेबलाखाली, कप्प्यांच्या कडांवर, दाराच्या चौकटीला गुडघ्याच्या उंचीवर तो जुनं सुती फडकं फिरवत गेला. धागा जिथे अडकला तिथे खिळ्याचं टोक, स्क्रूचं डोकं किंवा कुसळ होतं. तिथे कानस, मग पॉलिश पेपर, मग पुन्हा फडकं. टेबलाच्या खालच्या बाजूला निघालेलं एक स्क्रूचं टोक नेमकं वहिनींचा गुडघा येईल तिथे होतं. त्याने रक्त आलं असतं आणि संध्याकाळी कपडे बदलेपर्यंत कुणाला कळलंही नसतं.

चाचणीचा मुक्काम

केंद्राने कायमचं सोडण्याआधी एका रात्रीसाठी घरी जाऊ दिलं. हा मुक्काम मला अत्यावश्यक वाटतो. रॅम्प वहिनी एकट्या चढल्या, विसाव्यावर थांबून. न्हाणीघर जमलं. पलंग मात्र फसला. कुणीतरी मायेने नवीकोरी जाड, मऊ गादी आणून दिली होती. तिच्यासकट पलंगाची उंची ६२ सेंटिमीटर, आणि खुर्चीची गादी ४८ वर. उतरणं सोपं, पण सरकफळीवरून (खुर्ची आणि पलंगामध्ये टाकून तिच्यावरून सरकायची फळी) चढणं म्हणजे हातांवर अख्खं अंग १४ सेंटिमीटर उचलणं. शिवाय मऊ गादीत टेकवलेला हात खोल रुतायचा. रात्री नवऱ्याला उठावं लागलं. सकाळी सुताराने पलंगाचे पाय कापले, आणि गादी बदलून दाब विभागणारी घट्ट गादी घातली. देणाऱ्याला हे सांगायचं काम काकूंनी केलं, आणि ती गादी सासूबाईंच्या पलंगावर गेली.

दुसरी अडचण माणसांची. रात्रीचा मुक्काम आहे कळताच भेटायला रीघ लागली. पलंगावर बसून गप्पा झाल्या, आणि वहिनींना ठरल्या वेळी न्हाणीघरात जायला उठता येईना. परतण्याच्या दिवशी अंगणात सगळ्यांनी जमायचं ठरत होतं. वहिनींनी सांगितलं, पहिल्या दिवशी घरचे आणि काकू, बाकीच्यांनी पुढच्या आठवड्यापासून विचारून यायचं. काहींना वाईट वाटलं. तरी सगळ्यांनी ते पाळलं.

परतल्यानंतर

स्वयंपाकघराला आम्ही मुद्दाम हात लावला नव्हता. सगळा ओटाच खाली घ्यायची तयारी झाली होती, पण त्यावर नवरा आणि सासूबाईही उभ्याने काम करतात, आणि बसून काम करताना वहिनींना नक्की काय जमेल हे तिथे राहिल्याशिवाय कळणार नव्हतं. तीन महिन्यांनी त्यांनी एवढंच मागितलं: ओट्याच्या टोकाला ८० सेंटिमीटर रुंदीचं एक टेबल, खाली गुडघ्यांसाठी ७० सेंटिमीटर मोकळी उंची. कमोडजवळचा एक दांडा त्यांना थोडा पुढे हवा होता. आरपार बोल्ट असल्यामुळे तो काढून पुन्हा लावताना भिंत फुटली नाही.

मदतीची लाट अपेक्षेप्रमाणे काही आठवड्यांत ओसरली. काकूंनी तेव्हा सरसकट “काही लागलं तर सांगा” ऐवजी नेमकी कामं वाटून दिली. वायरमनने दर महिन्याला घंटा आणि गीझर पाहायचा, सुताराने बोल्ट आवळायचे, मुलाच्या दोन मित्रांनी खुर्चीच्या चाकांत हवा भरायची, आणि तपासणीच्या दिवशी गाडी कोणाची हे आधीच ठरलेलं असायचं. नवऱ्याला आठवड्यातून एक संध्याकाळ घराबाहेर काढायची जबाबदारी मिस्त्रीकाकांनी आपणहून घेतली. ती यादीत मला सुचली नसती.

शिवणयंत्राचं गाडं आता मार्गी लागतंय. मोटार लावलेल्या यंत्राचं पायाने दाबायचं बटण टेबलावर घेऊन कोपराने दाबून पाहिलं. सरळ शिलाई जमली, पण वळणावर वेग आवरेना. म्हणून हाताच्या बटणावर सुरू-बंद होणारं आणि वेग आधी ठरवता येणारं यंत्र पाहायचं चाललंय. पहिल्यांदा त्यांनी शिवलं ते खुर्चीच्या बाजूला अडकवायचं खिसा असलेलं पाकीट, फोन ठेवायला.

वरच्या मजल्याचा प्रश्न तसाच आहे. जिना वळणाचा आणि अरुंद, त्यामुळे जिन्यावरची लिफ्ट बसवायची तर रूळ त्या वळणाच्या मापाने खास बनवून घ्यावा लागेल. मुलाची खोली वर आहे आणि वहिनींना तिथे जायचंय. काका म्हणतात, पैसे जमवू. वहिनींनी आधी यंत्र घ्यायचं ठरवलंय, लिफ्टचा विषय त्यांनी पुढच्या वर्षीच्या बैठकीसाठी ठेवलाय.